‘मेद्वेद’ आणि ‘मध्वद्’: स्लाव्ह अस्वलाच्या नावाची उकल

प्रश्न थोडक्यात असा आहे. रशियन भाषेत अस्वलाला ‘मेद्वेद’ म्हणतात. त्यात ‘मधु’ आणि ‘वेद’ हे दोन संस्कृत शब्द स्पष्ट ऐकू येतात. तेव्हा त्याचा अर्थ ‘मध जाणणारा’ असा होतो का, आणि होत असेल तर रशियन भाषा संस्कृतातून निघाली असे म्हणता येईल का? सोबत एक उपप्रश्नही आहे: हा शब्द सगळ्या स्लाव्ह भाषांचा असेल, तर युक्रेनियन ‘वेद्मिद’, पोलिश ‘न्येज्व्येच’ आणि बल्गेरियन ‘मेच्का’ ही रूपे आली कुठून?

उत्तराचा गाभा आधी सांगतो. शब्दात मध आहे, वेद नाही. अर्थ ‘मध जाणणारा’ असा नसून ‘मध खाणारा’ असा आहे. संस्कृताशी त्याचे नाते खरे आहे, पण ते बहिणीचे आहे, आईचे नाही. हे तिन्ही मुद्दे त्या एका शब्दाच्या पोटातूनच सिद्ध करता येतात, आणि ते करताना मराठी वाचकाला एक सोय आहे: संस्कृतातला ‘ध’ आणि ‘द’ यांतला फरक आपल्या कानाला मुळातच ठाऊक असतो. तो फरक इथे कळीचा ठरतो.

प्रथम लेखनाबद्दल दोन शब्द. सगळ्या स्लाव्ह भाषांची जी एक समान पूर्वज भाषा होती, तिला आद्य स्लाव्ह म्हणतात. ती कोणी लिहून ठेवलेली नाही. साधारणतः इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात ती फुटत गेली आणि तिचे शब्द आपण लेकी-भाषांच्या तुलनेतून मागे जाऊन उभे करतो. अशा पुनर्रचित रूपापुढे तारा लावण्याचा प्रघात आहे. या भाषेत दोन निरनिराळे ‘ए’ होते. एक ऱ्हस्व, तो मी ‘ऎ’ असा लिहितो. दुसरा मुळात दीर्घ, त्याला स्लाव्ह अभ्यासक ‘यात’ म्हणतात आणि तो मी नेहमीच्या ‘ए’ने दाखवतो. सिरिलिक लिपीत या दुसऱ्या स्वराला स्वतंत्र अक्षर होते आणि रशियन लेखनातून ते 1918 च्या सुधारणेत कायमचे गेले. शिवाय शब्दाच्या शेवटी अगदी आखूड ‘इ’ आणि ‘उ’ येत. या पद्धतीने अस्वलाचे आद्य स्लाव्ह नाव *मॆद्वेदि असे लिहावे लागते. पहिला ए ऱ्हस्व, दुसरा दीर्घ: हा तपशील लक्षात असू द्यावा, पुढे त्याचेच काम पडणार आहे.

आता फोड. मधाला आद्य स्लाव्ह शब्द होता *मॆदु, हा उकारान्त. खाण्याचा धातू होता *एद्-, म्हणजे आपला अद्. संस्कृत ‘अद्मि’, लॅटिन ‘एदो’ ही त्याची भावंडे. मॆदु आणि एद् जवळ आले की उकारापुढे स्वर येतो, आणि उकाराचा व होतो: मॆदु + एदि = मॆद्वेदि. शाळेत ज्याने ‘इको यणचि’ हे सूत्र एकदा तरी घोकले आहे, त्याला इथे काहीही नवे सांगायची गरज नाही. मधु + अद् = मध्वद्, मनु + अंतर = मन्वंतर, सु + आगत = स्वागत; हा सरळ सरळ यण् संधी आहे. ‘मेद्वेद’मधला व हा दुसऱ्या शब्दाचा पहिला वर्ण नाही. तो मधाचा शेवटचा उकार आहे.

‘मध्वद्’ हा शब्द मी उदाहरणापुरता तयार केलेला नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 164 व्या सूक्तात, ‘द्वा सुपर्णा’ ही प्रसिद्ध ऋचा ज्या सूक्तात आहे त्याच सूक्तात, 22 वी ऋचा ‘यस्मिन्वृक्षे मध्वदः सुपर्णाः’ अशी सुरू होते: ज्या वृक्षावर मध खाणारे पक्षी येऊन बसतात. दोनच ऋचा आधी त्या दोन पक्ष्यांपैकी एक ‘पिप्पलं स्वाद्वत्ति’, म्हणजे गोड फळ खातो, असे आहे. तिथे स्वादु + अत्ति, पुन्हा तोच धातू आणि तोच संधी. गंमत अशी की 22 व्या ऋचेचा शेवट ‘न वेद’ या शब्दांनी होतो. म्हणजे ज्या दोन धातूंची गल्लत ‘मेद्वेद’च्या बाबतीत होते, ते अद् आणि विद् एकाच ऋचेच्या दोन टोकांना वेगवेगळे उभे आहेत.

तरीही ‘वेद’ नाही कशावरून? कारण ही शंका केवळ आपल्याकडची नाही. खुद्द रशियन माणसालाही विचारले तर तो पुष्कळदा ‘मध कुठे आहे ते जाणणारा’ असेच सांगतो, कारण त्याच्या भाषेत ‘वेदात’ म्हणजे जाणणे हे क्रियापद अजून आहे, चेटकिणीला ‘वेद्मा’ म्हणजे जाणती म्हणतात, आणि भाषाशास्त्रज्ञाला ‘यज़िकोवेद’. उलट खाण्याचा धातू रशियनमध्ये शब्दाच्या आरंभी ‘ये-’ असा झाला आहे: ‘येस्त’ म्हणजे खाणे, ‘येदा’ म्हणजे अन्न. आद्य स्लाव्ह भाषेत शब्दारंभीच्या स्वरापुढे य येऊन चिकटण्याची खोड होती, तिचा हा परिणाम. समासाच्या आत मात्र आधी व असल्यामुळे य शिरायला जागाच राहिली नाही. धातू बाहेर बदलला आणि समासात जुनाच राहिला, त्यामुळे बोलणाऱ्याला तो ओळखू येईना. मग जो ओळखीचा वाटला तो त्याने तिथे बसवला. लोकव्युत्पत्ती बहुधा अशाच ठिकाणी जन्माला येते.

व हा मधाचाच आहे याचा बाहेरचा पुरावा एका साध्या विशेषणात मिळतो. रशियनमध्ये ‘मेद्व्यानी’ म्हणजे मधाचा, मधाळ. तिथे ना जाणणे आहे ना खाणे, तरी व हजर आहे. ‘मेद्व्यानया रसा’ म्हणजे शब्दशः मधाळ दव. मावा पडलेल्या पानांवर जो गोड चिकट थर साचतो, ज्याला आपल्याकडचा ज्वारी लावणारा शेतकरी ‘चिकटा’ म्हणतो, त्याचे ते नाव आहे. जुन्या चर्च स्लाव्ह, म्हणजे सर्वांत जुन्या लिखित स्लाव्ह भाषेतही मधाळ या अर्थी व असलेले विशेषण सापडते. आणि उलट बाजूने पाहिले तर मॆदु आणि वेद् यांचा समास झाला असता, तर दोन्हींच्या मध्ये मॆदुचा आखूड उकार शिल्लक राहिला पाहिजे होता; उकारापुढे व्यंजन आल्यावर संधी कुठून होणार? जुन्या हस्तलिखितांच्या काळात असे आखूड स्वर लिहीत असत, पण अस्वलाच्या नावात द आणि व यांच्यामध्ये तो लिहिण्याची रीत नव्हती.

आता त्या दोन ‘द’कारांकडे वळू. मला विचाराल तर या शब्दातली सर्वांत देखणी गोष्ट हीच आहे, आणि वर्गात शिकवताना मी नेहमी याच ठिकाणी थोडा रेंगाळतो.

*मॆद्वेदि या शब्दात द दोनदा येतो. स्लाव्ह भाषेत दोन्ही द अगदी एकसारखे आहेत. संस्कृतात मात्र ते एकसारखे नाहीत: मधुमध्ये ध आहे, अद्मध्ये द. संस्कृत, लॅटिन, स्लाव्ह या सगळ्यांची जी समान पूर्वज, त्या मूळ इंडो-युरोपीय भाषेत हे दोन वेगळे वर्ण होते. संस्कृताने तो भेद राखला, स्लाव्ह आणि बाल्टिक (लिथुआनियन, लॅटव्हियन) भाषांनी तो पुसून टाकला, ध आणि द दोन्हींचा द केला. पण पुसण्यापूर्वी एक खूण मागे राहिली. मूळच्या अल्पप्राण ‘द’च्या आधी जो ऱ्हस्व स्वर होता तो या भाषांत दीर्घ झाला, मूळच्या महाप्राण ‘ध’च्या आधीचा ऱ्हस्वच राहिला. हा नियम वेर्नर विंटर या भाषाशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात मांडला आणि त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. पडताळा घ्यायला संस्कृत शब्द हाताशी आहेतच. सद् (बसणे) याला स्लाव्ह *सेद्-, दीर्घ. अद् याला *एद्-, दीर्घ. उलट मधु याला *मॆदु, ऱ्हस्व. मध्य याला *मॆद्या, म्हणजे दोन शेतांमधली हद्द, तोही ऱ्हस्व. द होता तिथे दीर्घ, ध होता तिथे ऱ्हस्व.

म्हणजे *मॆद्वेदिमधला पहिला ए आखूड का आणि दुसरा लांब का, याचे कारण त्यांच्या पुढच्या व्यंजनात आहे, आणि ते व्यंजन स्लाव्ह भाषेत आता दिसतच नाही. ते पाहायला संस्कृताकडे यावे लागते. अद् धातूतील दीर्घ स्वराचे वेगळे स्पष्टीकरण देणारे अभ्यासकही आहेत. ते म्हणतात की या धातूच्या वर्तमानकाळात दीर्घ स्वर मुळापासूनच होता. तो वाद या एका धातूपुरता मान्य केला तरी बाकीच्या जोड्या जागच्या हलत नाहीत.

एवढे साम्य पाहिल्यावर ‘मग हा शब्द संस्कृतातूनच गेला’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो का टाळावा, हेही याच शब्दावरून कळते. संस्कृतातून उसना गेला असता तर ‘मध्वद्’मधला अ तिकडे ए कसा झाला, याचे उत्तर देता येत नाही. मूळ इंडो-युरोपीय ए आणि ओ या दोन्हींचा इंडो-इराणी, म्हणजे संस्कृत ज्या शाखेतली त्या शाखेत अ झाला. लॅटिन, ग्रीक, स्लाव्ह यांच्याकडे ए शाबूत आहे. ज्याच्याकडे जुना स्वर आहे तो नव्या स्वरावरून शब्द कसा उचलेल? शिवाय संस्कृतात मध्वद् हे अस्वलाचे नाव कधीच नव्हते, ते पक्ष्यांचे विशेषण आहे. आणि स्लाव्ह भाषांच्या अगदी शेजारच्या बाल्टिक शाखेत मधाला ‘मेदुस’ हा तोच शब्द असूनही अस्वलाला त्यावरून नाव पडलेले नाही. लिथुआनियन लोक त्याला ‘लोकीस’ म्हणतात, लॅटव्हियन ‘लात्सिस’. तेव्हा माल दोन्ही घरांत एकाच वडिलांकडून आलेला, संधीचा नियमही वडिलार्जित, पण समास दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे शिवलेला, असेच म्हणणे भाग आहे. स्लाव्हांनी तो बराच आधी शिवला असावा, कारण पुढच्या काळात त्यांच्या समासांत दोन पदांमध्ये ओ घालण्याची पद्धत रूढ झाली आणि या शब्दात तो ओ नाही.

आता ‘असे आडवळणाचे नाव का’ हा प्रश्न. मूळ इंडो-युरोपीय भाषेत अस्वलाला स्वतःचे नाव होते आणि ते आपल्याला परके नाही: संस्कृत ‘ऋक्ष’. रामायणातला जांबवान ऋक्षराज आहे तो याच शब्दाने. अवेस्तातला ‘अर्श’, ग्रीक ‘आर्क्टोस’, लॅटिन ‘उर्सुस’, हित्ती ‘हर्तग्ग’, वेल्श ‘आर्थ’ हे त्याचे भाऊ. आर्क्टिक प्रदेशाचे नाव त्या ग्रीक शब्दावरून, उत्तरेच्या आकाशातल्या अस्वलाच्या नक्षत्रावरून पडले. आपल्या सप्तर्षींनाही पूर्वी ‘ऋक्षाः’ म्हणत, असे शतपथ ब्राह्मण स्पष्ट सांगते. हा शब्द भारतापासून वेल्सपर्यंत टिकला, आणि नेमका जर्मानिक (जर्मन, इंग्रजी इत्यादी), बाल्टिक आणि स्लाव्ह या तीन शाखांत नाहीसा झाला, म्हणजे उत्तरेच्या त्या जंगलपट्ट्यात जिथे तपकिरी अस्वलाशी माणसाची रोजची गाठ होती. लिथुआनियन ‘इर्श्त्वा’, म्हणजे अस्वलाची गुहा, या शब्दात त्याचा अवशेष असावा असे काही अभ्यासक मानतात. जर्मानिक शाखेने त्याला बहुधा ‘तपकिरी’ म्हटले, स्लाव्हांनी ‘मधखाऊ’.

यावरून आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने 1906 मध्ये असे प्रतिपादन केले की हे शिकाऱ्यांच्या धाकातून आलेले शब्दनिषेधाचे प्रकरण आहे: ज्याचे नाव घ्यावे तो समोर येतो, म्हणून नाव घेऊ नये. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. रात्री साप म्हणायचे नाही, ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणायचे. दिवा विझवायचा नाही, तो ‘शांत’ करायचा. बांगडी फुटत नाही, ती ‘वाढते’. मात्र एक सावधगिरी हवी. आद्य स्लाव्ह काळात असा निषेध होता याचा प्रत्यक्ष पुरावा कोणाकडे नाही, असणे शक्यही नाही. हे अनुमान आहे. ते मला पटते, कारण पुढच्या काळात हीच क्रिया पुन्हा पुन्हा, उजेडात घडलेली दिसते. ‘मेद्वेद’ हेच जेव्हा अस्वलाचे खरे नाव होऊन बसले, तेव्हा रशियन गावकरी त्यालाही बगल देऊ लागले आणि ‘धनी’, ‘वाकड्या पंजांचा’, ‘मिखाइलो पोतापिच’ असे काहीबाही म्हणू लागले. सोव्हिएत काळात मराठीत आलेल्या रशियन लोककथा ज्यांनी लहानपणी वाचल्या असतील, त्यांना अस्वलाला माणसासारखे पूर्ण नाव देण्याची ही पद्धत आठवेल. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकचे शुभचिन्ह असलेले अस्वल ‘मिशा’ होते, ते मिखाइलचेच लाडके रूप. भाषाकुळाने अगदी वेगळे असलेले फिन्निश लोकही अस्वलाला ‘मेसिकॅम्मेन’, म्हणजे मधपंजा, म्हणतात. त्यातला ‘मेसि’ हा शब्द फार प्राचीन काळी इंडो-युरोपीय मधुवरूनच तिकडे गेलेला आहे.

याच अनुमानाला अलीकडे एक शेपूट फुटले आहे, त्याचाही इथेच निकाल लावतो. ‘स्लाव्हांचे अस्वलाचे खरे, गुप्त नाव बेर होते, म्हणूनच त्याच्या गुहेला बेर्लोगा म्हणतात, म्हणजे बेरची जागा’ हे विधान रशियन वाचकांत फार लोकप्रिय आहे. ते चूक आहे. बेर्लोगाचे आद्य स्लाव्ह रूप *बिर्लोगु असे आहे, आणि त्याची भावंडे पाहिली की अस्वल कुठेच भेटत नाही: पोलिश ‘बारवुग’ म्हणजे गवत-पेंढ्याचे अंथरूण, क्रोएशियन ‘ब्रलोग’ म्हणजे गुहा आणि डुकरांचा घाणेरडा खुराडाही. तो शब्द मळक्या बिछान्याचा आहे. त्यात जर्मन ‘बेअर’ ऐकणे म्हणजे ‘मेद्वेद’मध्ये वेद ऐकण्याचाच दुसरा प्रकार होय.

मध खाणे हा अस्वलाचा गुण नावापुरता नव्हता. स्लाव्हांचा जुना मधव्यवसाय पेट्यांचा नव्हता, झाडांचा होता. उंच पाइनच्या किंवा ओकच्या खोडात माणूस ढोली कोरी, त्यात मधमाश्या वस्ती करीत, आणि वर्षातून ठरल्या वेळी तो दोराने वर चढून मध काढी. पोलंड आणि बेलारूस यांच्या या परंपरेची नोंद 2020 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशात झाली. या धंद्यात अस्वल हा प्रतिस्पर्धी होता. त्याला रोखायला ढोलीच्या तोंडासमोर दोरीने एक जड ओंडका टांगून ठेवीत. अस्वल वर चढे, ओंडका आड येतो म्हणून पंजाने ढकले, ओंडका झोका घेऊन परत येई आणि त्याच्यावर आदळे. ते चिडून आणखी जोरात ढकले, ओंडका आणखी जोरात येई. ज्याच्याशी अशी झुंज चालते त्याचे नाव ‘मधखाऊ’ पडावे यात नवल नाही.

आता वंशज. पूर्वेकडे रशियनने शब्द जवळजवळ तसाच ठेवला. ‘यात’ गेल्यावर दोन्ही ए लेखनात सारखे झाले आणि शेवटच्या आखूड इकाराने मागे फक्त मृदू द ठेवला. युक्रेनियनमध्ये दीर्घ ए चा नियमाने इ होतो, म्हणून ‘मेद्विद’ व्हायला हवे, आणि बोलींत ते आहेही. प्रमाण भाषेत मात्र म आणि व यांनी जागा बदलल्या आणि ‘वेद्मिद’ झाले. स्वर जागच्या जागी राहिले, फक्त व्यंजनांची अदलाबदल झाली, हे मे-वि आणि वे-मि शेजारी ठेवून पाहता येते. दोन्ही व्यंजने ओठांची असल्यामुळे जिभेला, किंबहुना ओठांना, ही चूक सहज होते. आपली लहान मुले चाकूचा काचू करतात त्याच जातीची ती आहे.

पश्चिमेला पोलिशमध्ये बदल सर्वांत जास्त. जुन्या पोलिशमध्ये आरंभी म होता, पुढे त्याचा न झाला. दोन्ही द पुढच्या मृदू वर्णांच्या संगतीने मऊ होऊन ‘ज’कडे सरकले, आणि शेवटचा उच्चारात अघोष झाला: ‘न्येज्व्येच’. ऐकणाऱ्याला यात मधाचा मागमूस लागत नाही. आरंभीचा न जुन्या झेकमध्येही आला होता, पण झेकने तो सोडला आणि आज तिथे म आहे. सुटलेला न आडनावात मात्र अडकून राहिला. 2003 चा बालों द’ओर मिळवणारा झेक फुटबॉलपटू पावेल नेद्वेद आणि 2008 ते 2012 या काळात रशियाचे अध्यक्ष असलेले दिमित्री मेद्वेदेव यांची आडनावे एकाच अस्वलाची आहेत; फरक त्या एका न चा आणि रशियन ‘-एव’ या प्रत्ययाचा.

दक्षिणेत स्लोव्हेन आणि सर्बियन ‘मेद्वेद’, क्रोएशियन ‘मेद्व्येद’. झाग्रेब शहराच्या डोक्यावर जो डोंगर आहे तो मेद्वेद्नित्सा, अस्वलांचा डोंगर. विशेषणांत एक जुना नियम दिसतो: ‘अस्वलाचा’ याला रशियन ‘मेद्वेझी’ आणि सर्बियन ‘मेद्वेजी’, कारण आद्य स्लाव्ह ‘द्य’ या जोडाक्षराचा रशियनमध्ये झ आणि सर्बियनमध्ये ज होतो. वर आलेला *मॆद्या, म्हणजे हद्द, तोही याच वाटेने रशियनमध्ये ‘मेझा’ आणि सर्बियनमध्ये ‘मेजा’ झाला आहे. मराठीचा या ध्वनिबदलाशी काही संबंध नसताना आपल्याकडेही ‘मध्य’चा प्राकृतातून ‘माज’ झाला, तो माजघरात अजून आहे.

बल्गेरियन आणि मॅसिडोनियन यांनी जुना शब्द व्यवहारातून जवळपास काढून टाकला. त्यांचे ‘मेच्का’ हे *मॆद्वेदिचे पहिले अक्षर घेऊन केलेले लाडके रूप असावे, असा बहुतेकांचा कल आहे, आणि मलाही दुसरे काही सुचत नाही. पण मधला च ध्वनिनियमांनी सरळ निघत नाही, त्यामुळे हे *मॆदुइतके पक्के नव्हे. बल्गेरियात 30 नोव्हेंबरला, संत अँड्र्यूच्या दिवशी, ‘मेच्किन्देन’ म्हणजे अस्वलाचा दिवस पाळतात. त्या दिवशी मका उकडून त्याचे दाणे धुराड्यातून वर फेकायचे आणि अस्वलाला म्हणायचे, हे घे उकडलेले, कच्चे खाऊ नकोस. शेत आणि गुरे राखण्याचा हा तोडगा आहे.

स्लाव्ह भाषांच्या बाहेर हा शब्द हंगेरियनमध्ये गेला. तिथे अस्वलाला ‘मेद्वे’ म्हणतात. हंगेरियन इंडो-युरोपीय नाही, पण मधाला तिचा शब्द ‘मेझ’, आणि तोही मूळ मधुचाच, कित्येक सहस्रके आधी तिच्या पूर्वजांनी उचललेला. एकाच शब्दाची दोन पिल्ले दोन वेगळ्या दारांनी त्या घरात आली आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

आपल्या जंगलातल्या अस्वलाचा उल्लेख इथे अस्थानी होणार नाही. मेळघाटात किंवा ताडोब्यात जे लांब केसांचे काळे अस्वल आहे ते युरोपातल्या तपकिरी अस्वलापेक्षा वेगळे. ते वाळवी खाते, मध खाते, आणि उन्हाळ्यात मोहाच्या फुलांवर ताव मारते. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘मेलुर्सुस’ हा शब्द लॅटिन मेल (मध) आणि उर्सुस (अस्वल) यांचा जोड आहे. त्यातला मेल आणि आपला मधु यांचा मात्र संबंध नाही. मधाला मूळ भाषेत दोन शब्द होते आणि लॅटिनने दुसरा राखला. ‘मोह’ मात्र खरोखर नात्यातला आहे: संस्कृत मधूक, प्राकृतात ध चा ह, आणि तिथून मोह. ज्या ‘ध’ने स्लाव्ह भाषेत मागच्या स्वराला आखूड ठेवले, तोच ध मराठीत असा हकार होऊन बसला.

शेवटी समासाबद्दल राहिलेली एक गोष्ट. ‘मेद्वेद’मधला मधखाऊ रशियन कानाला ऐकू येईनासा झाल्यावर त्या भाषेने तोच समास पुढे नव्याने बांधला, या वेळी चालू पद्धतीने, मध्ये ओ घालून: ‘मेदोयेद’. व गेला, य परत आला, आणि दोन्ही पदे लख्ख दिसू लागली. हे नाव मिळाले ते अस्वलाला नव्हे, आफ्रिकेपासून भारतापर्यंत आढळणाऱ्या, मधाची पोळी फोडणाऱ्या, पाठ पांढरट आणि पोट काळे असलेल्या एका लहान प्राण्याला. मराठीत त्याला चांदी अस्वल म्हणतात.